नरसय्याशेठच्या गाडीचा ठोका

आमच्या भवानी पेठेत नरसय्याशेठला कुणी ‘काय शेठ, कसं काय?’ असं विचारलं, तर तो स्वतःची तब्येत सांगत नाही. गाडीची सांगतो.

‘आज चार डिग्री मागं गेली,’ म्हणतो. तेही ओरडून, कारण त्याला ऐकू कमी येतं. नव्या माणसाला वाटतं, घरात कुणाचा तरी ताप उतरला. तो आपला बिचारा म्हणतो, ‘मग बरं झालं की!’

‘बरं कुटलं? वाईट झालं!’ नरसय्या आणखी ओरडतो. ‘शून्य पायजे, शून्य!’ आणि खिशातून मोबाइल काढून त्या माणसाच्या नाकाला लावतो. मोबाइलवर एक हिरवी रेघ असते. सरळ चालता चालता ती मधेच खाली तोंड घालते, मोडक्या फणीच्या दातासारखी. ‘हितं बग. हितं ठोकलं. आन हितं.’ विचारणारा पुन्हा कधी त्याला ‘कसं काय’ विचारत नाही. पेठेत निम्मी माणसं त्याला बघून रस्ता ओलांडतात ती याच्यामुळं.

एकदा शेजारची एक म्हातारी गेली. दहाव्याला आम्ही सगळे जमलो होतो. पिंड मांडलेला, कावळा समोर भिंतीवर बसलेला, पण शिवायला तयार नाही. म्हातारीची लेकरं हात जोडून काय काय कबूल करत होती. सगळे श्वास धरून उभे. तेवढ्यात नरसय्या माझ्या कानाशी आला. म्हणजे त्याच्या हिशेबानं कानाशी. बाकी ऐकू सगळ्यांनाच गेलं. म्हणाला, ‘मिस्त्री, तिसऱ्या गिअरला परत ठोकतंय रे.’

कावळा उडून गेला. म्हातारीच्या थोरल्या लेकानं आमच्याकडं असं बघितलं की आईच्या जागी आम्हा दोघांना ठेवलं असतं तर त्याला चाललं असतं. शेवटी दर्भाचा कावळा केला. वर नरसय्या मलाच विचारतो, ‘काय झालं? कावळा का गेला?’

माझं सांगायचं तर मी इंजिन मिस्त्री. डिझेलचा. ट्रक, ट्रॅक्टर, उसाच्या गुऱ्हाळाचं इंजिन, विहिरीवरचं इंजिन, जे कुणी आणून टाकलं ते. शाळा चौथीपर्यंत. पण वैराग सोडून सोलापुरात शेड टाकली तेव्हापासून एखादं इंजिन माझ्यापुढं आलं आणि मी हात टेकले असं झालेलं नाही. ही फुशारकी नाही. पेठेत कुणालाही विचारा. माझ्याशी न बोलणाऱ्यालाही विचारा, तो शिवी देऊन हेच सांगेल.

नरसय्याचा टॉवेलचा कारखाना माझ्या शेडला लागून. यंत्रमाग होते. बारका असल्यापासून तो त्या खडखडाटात उभा राहिला, आधी बापाच्या मागावर, मग स्वतःच्या. मागावर काम करणाऱ्यांचे कान असेच जातात. ती माणसं एकमेकांच्या ओठांवरनं बोलणं वाचतात, त्यामुळं कान कधी गेले ते त्यांचं त्यांना कळतसुद्धा नाही. पुढं धंदा बसला. माग भंगारात गेले. बायको त्याच्याही आधी गेली होती. आता त्या लांबच लांब हॉलमध्ये फरशीवर मागांच्या पायांचे खड्डे आहेत, छताला एक पंखा आहे आणि मधोमध ती लाल गाडी आहे. नरसय्या वर माडीवर झोपतो. बाकी दिवसभर गाडीपाशी. घरी तेलुगू, माझ्याशी मराठी, चहावाल्या रफीकशी दखनी. पण ओरडतो तिन्हीत सारखाच.

गाडी त्याच्या पोराची, श्रीनिवासची. श्रीनू म्हणतात. हितल्या इंजिनेरिंग कॉलेजात होता तेव्हा त्यानं ही बारकी पेट्रोल गाडी जुनी घेतली आणि तिचं वाटोळं केलं. वाटोळं हा माझा शब्द. तो म्हणायचा ‘मॉडिफाय’. टर्बो म्हणजे इंजिनात जबरदस्तीनं हवा कोंबणारा पंखा. कंपनीनं बसवलेला होता तो काढून ह्यानं मोठा बसवला. सायलेन्सर बदलला. गाडीच्या कॉम्प्युटरात लॅपटॉप लावून काय काय आकडे फिरवले. मी तेव्हाच सांगितलं होतं, ‘पोरा, पाहुण्याला जेवायला बसवलं म्हणून काय त्याच्या घशात लाडू कोंबायचे का?’ ऐकलं नाही. शिकलेला पोरगा.

मग तो जर्मनीला गेला. गाडी आणि बाप मागं राहिले. गेल्या साली त्यानं ठरवलं की गाडी विकायची. पुण्याचा कुणीतरी हौशी पोरगा घ्यायला तयार झाला. पण त्याची अट एकच. नॉकचं रीडिंग साफ आल्याशिवाय गाडीला हात लावणार नाही. तेव्हापासून नरसय्याच्या जिवाला दुसरं काम नाही. रीडिंग साफ करायचं, गाडी विकायची. दर रविवारी दुपारी त्यानं गाडी रस्त्यावर काढून पळवायची, मोबाइलमधली ती हिरवी रेघ श्रीनूला पाठवायची, आणि संध्याकाळी श्रीनूनं व्हिडिओ कॉल करून सांगायचं की अजून कुठं ठोकतंय. नुसता फोन नरसय्याला चालत नाही. ओठ दिसले पाहिजेत.

हे नॉक म्हणजे काय, ते पेठेत आता भाजीवालीलाही माहीत आहे, नरसय्याच्या कृपेनं. तरी सांगतो. इंजिनात पेट्रोल ठिणगीनं पेटतं. ते आपल्या वेळेला पेटलं तर काम करतं, भलत्या वेळेला आपोआप भडकलं तर आत हातोडा मारल्यासारखा ठोका बसतो. हवा जास्त कोंबली, पेट्रोल हलकं मिळालं, इंजिन तापलं, की ठोका. असे ठोके बसत राहिले तर एक दिवस पिस्टनला भोक. म्हणून इंजिनच्या अंगाला सुपारीएवढा एक सेन्सर बोल्टनं आवळलेला असतो. त्याचं काम एवढंच, कान लावून बसायचं. ठोका ऐकला की कॉम्प्युटरला चहाडी करायची. कॉम्प्युटर घाबरून ठिणगी उशिरा द्यायला लागतो. किती मागं सरकला, ते डिग्रीत मोजतात. तेच नरसय्याचं ‘चार डिग्री मागं गेली’.

त्या सुपारीवर नरसय्याचा फार जीव. म्हणतो, ‘माजे कान गेले मिस्त्री, पण ह्येचे हायत. ह्यो खोटं ऐकत न्हाई.’ मी म्हटलं, ‘तुझी बायको पण हेच म्हणायची, की तू सोडून सगळ्यांना ऐकू येतं.’ त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं आणि समजलं नाही असं दाखवलं. सोयीचं नसलं की त्याला ओठही वाचता येत नाहीत.

सुरुवातीला सगळा दोष त्यानं पेट्रोलवर घातला. सोलापूरच्या चारी बाजूंचे पंप फिरला. होटगी रस्त्यावरचं पेट्रोल ठोकतंय, तुळजापूर नाक्याचं बरं आहे पण सकाळचंच, मोहोळकडचं घ्यायचं तर टँकर येऊन गेल्यावर. पंपावरच्या पोरांना तो बाटलीत पेट्रोल काढून दाखवायला लावायचा, वास घ्यायचा, उन्हात धरून रंग बघायचा. एका पंपावर पोरगा म्हणाला, ‘आजोबा, प्यायचंय का घालायचंय?’ नरसय्या म्हणाला, ‘तुजं पेट्रोल ठोकतंय.’ पोरगा म्हणाला, ‘मी ठोकीन आता.’ एवढं मात्र नरसय्याला बरोबर ऐकू गेलं.

मग तो माझ्याकडं आला. म्हणजे श्रीनूनं पाठवला. म्हणाला, ‘श्रीनू म्हणतो, काकाला घे. काकाचा कान चांगला हाय.’ आता कुणी असं म्हटल्यावर माणूस काय करेल? मी म्हटलं, चल.

रीडिंग घ्यायची एक रीत आहे. मोकळा रस्ता लागतो. गाडी तिसऱ्या गिअरला टाकायची, हळू चालू द्यायची, आणि मग पाय मुळापर्यंत दाबायचा, इंजिन ओरडून थकेपर्यंत. तेवढ्या वेळात मोबाइल लिहून घेतो. आम्ही अक्कलकोट रस्त्याला गेलो. नरसय्या चालवायला, मी शेजारी, स्टिअरिंगखाली खोचलेली, गाडीचे आकडे मोबाइलला धाडणारी डबी लुकलुकतेय. त्यानं पाय दाबला आणि माझी टोपी मागच्या काचेला जाऊन चिकटली. सायलेन्सर असा बोंबलला की मला इंजिन सोडा, मी घेतलेलं देवाचं नावही ऐकू आलं नाही. पाय सोडला तर टर्बोतनं ‘फुस्स’ असा आवाज निघाला आणि रस्त्याकडेची शेरडं दाव्यासकट शेतात शिरली. मालकीण काठी घेऊन धावली. नरसय्यानं काच खाली केली आणि तिला समजावून सांगितलं, ‘बाई, रीडिंग घेतोय.’ त्या बाईनं कन्नडमध्ये काय सांगितलं ते मी लिहीत नाही.

पुढं हायवेच्या पोलिसानं अडवलं. आत वाकून बघितलं तर दोन पांढरी डोकी. म्हणाला, ‘काय आजोबा, रेस लावताय व्हय? कुणासंगं?’ मी म्हटलं, ‘यमासंगं.’ सोडलं त्यानं.

‘काय ऐकलंस?’ नरसय्यानं विचारलं.

‘ऐकतोय काय कपाळ? त्या बोंबलणाऱ्या नळकांड्यात कुटला ठोका ऐकू येतोय!’

‘मंजी तुला पण कमी येतंय,’ तो खूश होऊन म्हणाला.

मला कमी येत नाही. ते नळकांडं काढून टाका, मग सांगतो. पण त्या दिवसापासून ही गाडी माझ्या डोक्यात बसली. मी प्लग बदलले. हवा गार करायची जाळी धुतली. नळ्या उपसून बघितल्या. रीडिंग चारवरनं तीनवर आलं, पण शून्य होईना. श्रीनूनं रविवारी सांगितलं, ‘काका, हा खोटा ठोका असेल. इंजिनपाशी काहीतरी ढिलं आहे, ते हादरतंय, आणि सेन्सरला वाटतंय ठोका बसला.’ मला आधीच शंका होती. म्हणजे त्यानं सांगायच्या आधी मी बोललो नव्हतो एवढंच.

सोमवारी मी टॉर्च घेऊन घुसलो आणि सापडलं. टर्बो लालभडक तापतो, म्हणून त्याच्यावर एक पत्र्याचं झाकण असतं. त्याचा एक बोल्ट ढिला. हातानं हलवलं तर टिकटिक वाजत होतं. आवळला. अक्कलकोट रस्त्याला नेली. रेघ सरळ, जशी शाळेत पट्टीनं मारतात तशी. शून्य. नरसय्या मोबाइलकडं बघत राहिला. मला वाटलं नाचेल. तो म्हणाला, ‘एकदाच आलंय. परत बगू.’ मी म्हटलं, ‘हजारदा बग.’ संध्याकाळी रफीकच्या गाड्यावर मी चार माणसांना ऐकू जाईल असं सांगितलं की शेठची गाडी झाली.

रविवारी श्रीनूला रेघ गेली. पाच डिग्री.

मी पळत गेलो. तोच बोल्ट. ढिला.

आता डिझेलवर उभा जन्म घालवलेल्या माणसानं आवळलेला बोल्ट आठवड्यात सुटत नाही. पण टर्बो तापतो, निवतो, हादरतो, म्हटलं असेल. स्प्रिंग वॉशर घातला. शनिवारी शून्य, रविवारी चार. दुसरा नट चढवून दोन्ही एकमेकांवर आवळले. शनिवारी शून्य, रविवारी पाच. आट्यांना लाल औषध लावलं, जे सुकल्यावर पाना मोडतो पण नट हलत नाही. रविवारी चार.

श्रीनू मोबाइलमध्ये गोड हसला. ‘काका, तुम्ही अंदाजानं आवळता. टॉर्क रेंच वापरा, त्यात जोर आकड्यात मोजता येतो. हाताला कळत नाही ते.’

हाताला कळत नाही! ज्याच्या बापाच्या मागाची मोटर मी डोळे झाकून बसवली, तो पोरगा मला सांगतो की हाताला कळत नाही. आणि गल्ली काय कमी होती? रफीक रोज चहा देताना विचारायचा, ‘क्या चाचा, सेठ का बोल्ट छुट्या क्या फिर?’ ट्रॅक्टरवाला एक जुना गिऱ्हाईक आला, काम झाल्यावर माझ्यासमोर पाना घेऊन सगळे नट स्वतः परत तपासायला लागला. मी विचारलं, ‘काय बगतोयस?’ तर म्हणाला, ‘काय न्हाई, आपलं सहज.’ माझ्या शेडमध्ये! तो गेल्यावर रिकाम्या शेडमध्ये माझा हात उघडून बघितला. मिटला. परत उघडला. माणसाचा हात गेला की सांगायला कुठली सुपारी बसवलेली नसते.

नरसय्या मात्र दर रविवारी तरतरीत. दाढी करायचा, धुतलेला सदरा घालायचा, गाडीच्या बॉनेटवर मोबाइल टेकवून समोर स्टूल घेऊन बसायचा. बापलेकाचं तेलुगूत चालायचं. पेठेत राहून मला ते कळतं. आधी रेघेवर तास. मग श्रीनू विचारायचा, पत्रा बदलून बघायचा का, सेन्सरची वायर बघितली का. नरसय्या एकेक प्रश्न असा चघळत बसायचा जसा सुपारीचा तुकडा. मधेच श्रीनू बापाला, म्हणजे त्यांच्या तेलुगूत नायनाला, म्हणायचा, ‘नायना, बारीक झालात का?’ नरसय्या म्हणायचा, ‘ते सोड. वायर कुठली म्हणालास, काळी का हिरवी?’

माझी पोरं गावातच आहेत. एक तर हाकेच्या अंतरावर. ट्रॅक्टर बंद पडला की येतो. त्यामुळं मला त्या मोबाइलचं काही कौतुक नव्हतं. मला माझा हात परत पाहिजे होता.

म्हणून मी एक केलं. आम्हा मिस्त्री लोकांत रीत आहे, नट पक्का आवळला की त्याच्यावरनं शेजारच्या पत्र्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढायची. नट जराही फिरला की रेघ तुटते. मी रेघ ओढली, आणि नरसय्याला सांगितलं नाही. शनिवारी गाडी फिरवून आणली, शून्य. पांढरी रेघ अखंड. आणि रविवारी दुपारी, तो गाडी रस्त्याला काढायच्या आधीच, मी रेघ बघायला त्याच्या हॉलमध्ये गेलो.

दार उघडं होतं. बॉनेट उघडं. नरसय्या आत कमरेपर्यंत वाकलेला. त्याला माझी चाहूल लागायचा प्रश्नच नव्हता. मी अगदी त्याच्या पाठीमागं जाऊन उभा राहिलो. त्यानं माझाच लांब दांडीचा पाना घेतला होता, आणि दोन्ही हातांनी, दात खाऊन, सगळा जीव लावून तो नट सोडवत होता. त्या लाल औषधानं धरून ठेवलेला नट. घाम इंजिनवर पडत होता. नट कर्रकन सुटला तेव्हा तो हुश्श करून थांबला आणि मग अगदी जपून, जरासाच, अर्ध्या आट्याएवढा मागं फिरवला. पत्रा बोटानं हलवून बघितला. बरोबर वाजतोय का ते त्याला ऐकू येणार नव्हतं, म्हणून बोट पत्र्यावर ठेवून थरथर बघत होता.

मी खांद्यावर हात ठेवला.

तो दचकला, पाना खाली पडला. वळून माझ्याकडं बघितलं. पळवाट काढेल, काहीतरी बनवेल असं वाटलं. त्यानं काहीच बनवलं नाही.

‘किती दिवस?’ मी ओठ मोठे करून विचारलं.

‘पयल्यापासनं.’

मला जो राग आला तो मी लिहू शकत नाही. मी त्याला काय नाही बोललो! गल्लीत माझी अब्रू घालवलीस, गिऱ्हाईक माझे नट तपासतंय, माझा हात गेला म्हणून मी झोपलो नाही, आणि तू हितं पाना घेऊन! तो सगळं माझ्या ओठांवरनं वाचत होता. एक शब्द सोडत नव्हता. या खेपेला समजलं नाही असं दाखवलंही नाही.

मी थांबल्यावर म्हणाला, ‘तू साफ केलास तवा तुजं रीडिंग मी त्येला लगीच धाडलं हुतं. सोमवारीच. शून्य. त्यानं काय लिवलं म्हाइतंय? अंगठा. नुसता अंगठा धाडला, असा वर केलेला.’ त्यानं अंगठा वर करून दाखवला. ‘म्हणलं, रविवारी बोलूया. तर म्हणला, आता काय बोलायचंय नायना, झालं की काम. पुण्याचा माणूस येईल.’

तो स्टुलावर बसला.

‘मग म्या पाना घेतला,’ म्हणाला. ‘त्येला लिवलं, परत ठोकतंय. तर लगीच व्हिडिओ लावला. कामावरनं.’

मी पाना उचलला. नट आवळावा म्हणून हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. ‘जा,’ म्हटलं, ‘रीडिंग घिऊन ये.’

संध्याकाळी तो दाढी करून बसला. मी जाणार नव्हतो, पण गेलो. मोबाइल वाजला. श्रीनूचं तोंड दिसलं, मागं खिडकीत त्याच्याकडचं ऊन. त्याच्या हातात रेघ पोचली होती, कारण पहिल्याच वाक्याला वैतागलेला होता.

‘काका, परत पाच डिग्री? काय चाललंय? खरं सांगा, तुम्हाला सापडतंय का नाही? पुण्याचा माणूस आता थांबणार नाही म्हणतोय.’

नरसय्या मोबाइलकडं बघत नव्हता. माझ्या ओठांकडं बघत होता.

इंजिनाच्या बाबतीत मी खोटं बोललेलो नाही. गिऱ्हाईकाशी नाही, मालकाशी नाही, बायकोशी तर शक्यच नव्हतं. आणि ‘जमत नाही’ हे दोन शब्द माझ्या तोंडात बसतच नाहीत, लहानपणापासनं.

‘न्हाई जमत,’ मी म्हटलं. ‘सापडंना. हाताला कळत न्हाई आता.’

श्रीनू जरा दयेनंच म्हणाला, ‘असू द्या काका. वय झालं तुमचं. नायना, मी तिकडं दुसरा चांगला कुणी बघतो, लॅपटॉपवाला.’

‘दुसरा नको!’ नरसय्या असा ओरडला की मोबाइल बॉनेटवरनं घसरला. त्यानं तो दोन्ही हातांनी धरला. ‘दुसरा कशाला? ह्या डिझेलवाल्याला काय कळतंय, मी पयल्यापासनं सांगत हुतो तुला! ह्यो अंदाजानं आवळतो! तू सांग, मी करतो. पुण्याचा जाऊ दे. दुसरं गिऱ्हाईक मिळंल. घाई काय हाय?’

माझ्यादेखत, माझ्याबद्दल. मी ऐकून घेतलं. रफीक दारात चहा घेऊन उभा होता, त्यानंही ऐकलं, म्हणजे उद्यापर्यंत पेठेला कळणार. कळू दे.

पलीकडं श्रीनूनं तोंडावरनं हात फिरवला. थकलेला दिसत होता. मला पहिल्यांदा तो बारीक झालेला दिसला. मग म्हणाला, ‘बरं. मग अगदी पहिल्यापासून बघू या. नायना, सेन्सर कुठं असतो ते माहीत आहे ना?’

मी चहाचा कप घेतला आणि दाराकडं निघालो. मागं नरसय्यानं स्टूल पुढं ओढल्याचा आवाज आला.

‘न्हाई रे,’ तो म्हणाला. ओरडून नाही, साध्या माणसासारखं, हळू. ‘कुटं असतो त्यो? सांग की.’

‘किती वेळा सांगितलंय नायना!’

‘इसरलो. सांग परत.’

श्रीनू सांगायला लागला. इंजिनच्या अंगाला, डाव्या हाताला, सुपारीएवढा गोल. मी उंबऱ्यावर उभं राहून चहा पीत होतो. आतनं नरसय्याचं ‘हां… हां… मग?’ येत होतं.